कोरियन सासरी पहिला चुसॉक, इंदूरच्या मुलींसाठी

माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं, सासर कोरियात, आणि आता ओळखीतल्या अजून दोघी तिकडे लग्न करून चालल्यात तर त्या सारख्या विचारतात की चुसॉकला करायचं काय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

चुसॉक म्हणजे त्यांच्या चांद्र आठव्या महिन्यातली पौर्णिमा, सुगीचा सण, सुट्टी ३ दिवस. बहुतेक वर्षी आपले गणपती बोळवले की लगेच येतो. २०२५ मध्ये त्यांच्याकडे अधिक महिना होता, आपल्याकडे नव्हता, त्यामुळे ६ ऑक्टोबरला चुसॉक आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी आली. ट्रेनची तिकिटं कित्येक आठवडे आधीच संपतात, नवऱ्याला आत्ताच कामाला लावा.

आदल्या दिवशी सोंगप्यॉन करतात आणि इथे तुम्ही खरंच चमकाल, कारण ज्या हाताने उकडीचे मोदक वळलेत त्याला हे अवघड नाही. फरक एवढाच की उकड गॅसवर काढत नाहीत, तांदळाच्या पिठावर उकळतं पाणी घालून मळतात, पीठ भिजवलेल्या तांदळाचं म्हणून आधीच ओलसर असतं, तेव्हा पाणी अगदी थोडं थोडं. आत तीळ-साखर, आकार अर्ध्या चंद्राचा, छोट्या करंजीसारखा, मग पाइनच्या पानांवर वाफवायचे आणि वरून तिळाचं तेल. सुंदर सोंगप्यॉन करणारीला सुंदर मुलगी होते म्हणतात, सासूबाई हे म्हणणारच, लाजू नका.

सकाळी चार्ये, म्हणजे पूर्वजांना नैवेद्य. आपल्या पितृपक्षासारखंच, पण वातावरण आनंदाचं. नवा तांदूळ, फळं, सोंगप्यॉन मांडतात. पीच ठेवत नाहीत, लाल तिखट आणि लसूणही नाही, त्यामुळे इंदूरहून लसणाची शेव नेलीत तर ती त्या टेबलापासून लांब ठेवा. पूर्वजांना पूर्ण वाकून २ नमस्कार, बायकांचा उजवा हात डाव्या हातावर. ख्रिश्चन घरांत बरेचदा हे नसतं, नुसती प्रार्थना असते, आधी विचारून घ्या. नंतर कबरींवर जातात, सपाट बूट घाला.

शाकाहारी असाल तर हे आधीच सांगा, सूपमध्ये बरेचदा बीफ असतं. नामुल, म्हणजे तेल-मीठ लावलेल्या भाज्या, मात्र पोटभर मिळतात.

आता जॉन. अंड्यात घोळवून तव्यावर परतायचे काप, माशाचे, भोपळ्याचे, तासन् तास, आणि ते सुनांच्याच गळ्यात पडतात, मला हे अजिबात पटत नाही. २०२२ मध्ये सुंगक्युनग्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या संस्थेनेच सांगितलं की तळलेले पदार्थ चार्येला लागतच नाहीत. हे नवऱ्याने बोलायचं, तुम्ही नाही, आणि त्यालाही तव्याशी बसवायचं.

सासूबाईंना "ऑमॉनिम" म्हणा, काहीही देता-घेताना दोन्ही हात. निघताना त्या उरलेलं सगळं डब्यांत भरून देतील, नको म्हणू नका, बॅगेत आधीच जागा ठेवून जा.