वसाहतकाळातल्या अमेरिकन पूर्वजाचा शोध: या चुका टाळा

जॉन हाउलंड १६२० मध्ये इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथ वसाहतीत (आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात) आला. त्याची बायको गव्हर्नर जॉन कार्व्हरची मुलगी, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जात होतं. प्लिमथच्या दफनभूमीतल्या दगडावरही ते कोरलं गेलं. मग विल्यम ब्रॅडफर्डचं हरवलेलं हस्तलिखित लंडनमध्ये सापडलं आणि १८५६ मध्ये छापून आलं. ब्रॅडफर्ड त्याच जहाजातून आलेला. त्याने लिहिलं होतं की ती जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ.

म्हणून दगड, छापील कुलवृत्तांत किंवा ऑनलाइन वंशवृक्ष हाताशी आला की आधी पाहा: ही माहिती मूळ कोणत्या कागदावरून घेतली? वीस वंशवृक्षांत एकच नाव दिसलं, तरी ते बहुधा एकमेकांवरूनच उतरवलेलं असतं.

तारखा जुळत नाहीत? हाउलंडचा मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२/३ असा लिहितात, आणि ते चुकून नाही. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने १६७२ आणि आजच्या हिशेबाने १६७३. त्यामुळे डिसेंबर १६७२ मध्ये बाप्तिस्मा झालेलं मूल फेब्रुवारी १६७२ मध्ये वारल्याची नोंद सापडली तर ती खोडू नका. जुन्या नोंदींतला ‘पहिला महिना’ म्हणजेही मार्च.

नाती तर फारच फसवतात. सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरल्या-धाकट्याला तसं म्हणत, मग ते काका-पुतणे असोत वा एकमेकांचे कुणीच नसोत. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावईच असं नाही, तो सावत्र मुलगाही असू शकतो. आणि मृत्युपत्रातली बायको सगळ्या मुलांची आई असेलच असं धरू नका. पुनर्विवाह तेव्हा सर्रास होत.

व्हर्जिनियात अनेक कोर्टांची दप्तरं जळाली, राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद १८५३ पासूनच सुरू झाली. तिथे जमिनीचे व्यवहार, करयाद्या आणि शेजाऱ्यांचे कागद चाळा. १७९० च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव १८५० पासून.

सगळ्यात मोठी घाई इंग्लंडकडे उडी मारताना होते. त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा तिथल्या चर्चच्या वहीत मिळाला, की लोक पूर्वज सापडला म्हणून थांबतात. त्याच वहीत पुढची पानं उलटा: तो मुलगा लहानपणीच दफन झाला असेल, किंवा मोठा होऊन तिथेच लग्न करून राहिला असेल. न्यू इंग्लंडमधल्या (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसाहतींतल्या) नातलगाचा उल्लेख असलेलं एखादं इंग्रजी मृत्युपत्र अशा दहा बाप्तिस्म्यांहून मोलाचं.