सिंहगडावरची हवा बाटलीत भरून हवेचा दाब मोजण्याची रीत

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर आणि सिंहगड सुमारे १३०० मीटर उंचीवर असल्यामुळे, गडावर पोहोचेपर्यंत आपण हवेचा जवळजवळ पाऊण किलोमीटर जाडीचा थर खाली सोडून आलेलो असतो आणि डोक्यावरच्या हवेचे ओझे तेवढे कमी झालेले असते. घाटात कानांत दडे बसतात आणि वेफर्सचे पाकीट टम्म फुगते, ते यामुळेच. हा फरक घरच्या साधनांनी मोजता येतो.

त्यासाठी घट्ट झाकणाची, जाड काचेची बाटली घ्यावी. प्लास्टिकची बाटली खाली आल्यावर चेपलेली दिसते आणि मुलांना त्याची मौज वाटते, परंतु ती उघडल्यावर पूर्ववत होईलच याचा भरवसा नसल्याने मोजमापाला ती निरुपयोगी आहे. बाटलीत काठोकाठ किती पाणी मावते ते आधी मोजून ठेवावे व मग ती पूर्ण कोरडी करावी. गडावर सावलीत ती दहा मिनिटे उघडी ठेवावी, तिथले तापमान टिपून घ्यावे आणि झाकण घट्ट लावावे.

घरी आल्यावर बंद बाटली पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी, म्हणजे आतली हवा पाण्याच्या तापमानाला येते. नंतर ती पाण्याखालीच उलटी धरून झाकण उघडावे. गडावरच्या विरळ हवेला खालचा दाब दाबून टाकतो आणि पाणी आत शिरते. आतली व बाहेरची पातळी समान होईल अशा बेताने बाटली वर घेऊन झाकण लावावे. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये, कारण पातळीत दहा सेंटीमीटरचा फरक राहिला तर उत्तर एका टक्क्याने चुकते.

आत आलेले पाणी मोजावे. बाटली एक लीटरची, पाणी ७० मिलीलीटर आणि बादलीतले पाणी गडावरच्या हवेपेक्षा ५ अंशांनी गरम असेल, तर उष्णतेने हवा प्रसरण पावल्याबद्दल अंशामागे सुमारे ३ मिलीलीटर, म्हणजे एकूण १५, मिळवावेत. बेरीज ८५ झाली. अर्थात १००० मिलीलीटर हवा ९१५ मध्ये मावली. तापमान स्थिर असताना वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, या बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार गडावरचा दाब पुण्यातल्या दाबाच्या ९१.५ टक्के ठरतो. पुण्यात तो साधारण ९४८ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजण्याचे एकक) धरला, तर गडावर सुमारे ८६७ येतो.

आपल्याकडे हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढा असतो, तर दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलनी उतरलेला असतो. या प्रयोगात त्याने फारसे बिघडत नाही. गडावर मात्र पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते, पुण्यात ९८ ला. म्हणून उघड्या पातेल्यातली डाळ तिथे शिजायला अधिक वेळ घेते, आणि कुकरची शिटी आतली वाफ कोंडून ही तूट भरून काढते.