रविवारी बोलायचंय? मग ही तयारी करा

आपल्या भाषण-क्लबाच्या रविवारच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव लागलं की लिहायला बसू नका. आधी विषय लहान करा. पाच ते सात मिनिटांत 'माझं ठाणे' मावत नाही. मासुंदा तलाव, कोपिनेश्वर, किल्ल्यातलं कारागृह, गडकरी रंगायतन, घोडबंदरची वाहतूक असं सगळं घेतलंत की प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर येतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एकच उचला. समजा, बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली रेल्वे घेतलीत. त्यातही आख्खा रेल्वेचा इतिहास नको, फक्त ती एक दुपार घ्या. १६ एप्रिल १८५३, साडेतीनच्या सुमारास सुटलेली गाडी, चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. सात मिनिटांना एवढं पुष्कळ झालं.

पण हे सगळे आकडे एका दमात म्हणू नका. कानाने ऐकलेले आकडे फार वेळ टिकत नाहीत. त्यातले दोन ठेवा, बाकीचे वहीत राहू द्या. '३४ किलोमीटर' म्हणायचं असेल तर लगेच 'म्हणजे आपण सीएसएमटीला जातो तेवढंच' असं जोडा. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी तो प्रवास उभ्याने केलेला असतो. तारखा आणि नावं मात्र तपासून घ्या, आणि तीही व्हॉट्सॲपवर नव्हे. आपल्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे एक संध्याकाळ घालवा. ठाण्यातल्या श्रोत्यांत एखादे तरी आजोबा असे निघतातच, जे चहाच्या वेळी हळूच जवळ येऊन तुमचं साल दुरुस्त करतात.

विषय ठरला तरी लगेच लिहू नका. बोला. या यादीतली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून, समोर कुणीतरी बसलंय असं धरून, ती गोष्ट एकदा सलग सांगून टाका. अडखळाल, मागेपुढे जाल, एखादा मुद्दा दोनदा येईल. येऊ दे. मग ते ऐका आणि त्यातून मुद्दे कागदावर उतरवा. आधी लिहून मग पाठ करणाऱ्यांची भाषणं दुसऱ्या मिनिटालाच ओळखू येतात, कारण कागदावर आपण सगळेच थोडे सरकारी होतो. 'याप्रसंगी उपस्थित मान्यवरांच्या साक्षीने तोफांची सलामी देण्यात येऊन गाडी मार्गस्थ झाली' हे वाक्य लिहिताना बरं वाटतं, पण म्हणून बघा, 'देण्यात येऊन'पाशी श्वास संपतो. तेच तोंडाने सांगताना आपण म्हणतो, 'एकवीस तोफा झाल्या. आणि गाडी हलली.' दोन वाक्यं, मध्ये एक थांबा, आणि त्या थांब्यात ऐकणाऱ्याला धूर दिसतो. तुमच्या कागदावर 'करण्यात आले', 'या ठिकाणी', 'सदर' असं काही दिसलं की ते वाक्य मोठ्याने म्हणा आणि जसं तोंडात येईल तसं बदला.

पाठ काय करायचं? पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन. बस. मधला मजकूर पाठ केलात तर एक शब्द निसटला की पुढचं सगळंच निसटतं, आणि मग डोळे छताकडे जातात. मधल्या भागाचे चार-पाच मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठळक लिहा आणि कोपऱ्यात आकडे घाला, म्हणजे हातातून पडले तरी क्रम लागतो. जाड कागद अशासाठी की हात थरथरला तर पातळ कागद त्याची जाहिरात करतो. फोनवरून वाचायचं टाळा. स्क्रीन नेमकी तेव्हाच काळी होते, आणि मान खाली गेली की आवाजही खाली जातो.

सुरुवातीचं बोलू. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं वळण आपल्या अंगात इतकं भिनलेलं असतं की पन्नाशीचा माणूससुद्धा उभा राहिला की 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' सुरू करतो, उजवा हात वर नेतो आणि तिसऱ्या वाक्याला चार ओळींची कविता टाकतो. क्लबात गुरुजनवर्ग नसतो. सूत्रसंचालकांचं नाव घ्या, 'मित्रमैत्रिणींनो' म्हणा आणि थेट गोष्टीत शिरा. 'माझी फारशी तयारी नाही, सांभाळून घ्या' हे वाक्य तर कायमचं सोडा. तयारी झालेली असेल तर ते खोटं आहे, आणि झालेली नसेल तर लोकांना मिनिटभरात कळणारच आहे. शेवटाचंही तसंच: 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' म्हटलं की आधीच्या वाक्याने बांधलेलं सगळं सुटतं. शेवटचं वाक्य झालं की थांबा. टाळ्या आपोआप येतात, नाही आल्या तरी सूत्रसंचालक येतातच.

मोठ्या वक्त्यांना ऐकणं हाही तयारीचाच भाग आहे, मात्र एक धोका सांभाळून. प्राचार्य शिवाजीराव भोसले यांची ध्वनिमुद्रित व्याख्यानं आठवडाभर ऐकली की आपणही नकळत तसेच लांब, तोललेले विराम घ्यायला लागतो. त्यांना ते शोभायचे, कारण मागे आयुष्यभराचं वाचन होतं. आपल्याला ते विसरलेल्या माणसासारखे दिसतात. जानेवारीत नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते, तिथे जाऊन बसा. वक्ता काय बोलतो याबरोबरच तो पहिल्या मिनिटात काय करतो, पाणी कधी पितो, लोक चुळबुळ करायला लागले की आवाज चढवतो की उतरवतो, हे बघा. चांगले वक्ते बहुधा उतरवतात.

आता घड्याळ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्स या भाषण-क्लबांच्या संस्थेची पहिली सभा घेतली. आज आपल्याकडचे बहुतेक भाषण-क्लब, त्या संस्थेत असोत वा नसोत, त्याच चालीवर चालतात. पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला टायमर, म्हणजे वेळ मोजणारा, कार्डं दाखवतो: पाचव्या मिनिटाला हिरवं, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल, आणि वर अर्धा मिनिट सवलत. घरी सराव करताना भाषण सहाच्या आत बसवा. लोक हसले, तुम्ही थांबलात, मुद्द्यांचं कार्ड उलटं धरलं गेलं, या सगळ्याला वेळ जातो. शिवाय आधीच ठरवून ठेवा की पिवळं दिसलं आणि एक मुद्दा अजून बाकी असला तर कोणता मुद्दा गाळायचा. त्या मुद्द्यावर पेन्सिलने कंस करून ठेवा. लाल कार्डाकडे बघत वेग दुप्पट करणारे वक्ते सगळ्यांनी पाहिलेत. त्यांचं शेवटचं मिनिट कुणालाच आठवत नाही.

सराव उभ्याने करा, चप्पल-बूट घालून, मोठ्या आवाजात, आणि पूर्ण भाषणाचा, तीनदा तरी. बसून पुटपुटलेलं मोजू नका. जागेचा प्रश्न ठाण्यात खरा आहे, दोन खोल्यांच्या घरात आणि पातळ भिंतींत कुठे ओरडणार? सोसायटीची गच्ची बरी. उपवन तलावाच्या कडेने सकाळी चालत बोललात तर कुणी वळूनही बघत नाही, सगळे कानात काहीतरी घालून बोलतच असतात. तलावपाळीवर मात्र संध्याकाळी जाऊ नका, तिथे तुम्हालाच तुमचं ऐकू येणार नाही. पार्किंगमधली बंद गाडी आवाजाला उत्तम, फक्त उभं राहता येत नाही. श्रोता म्हणून नवऱ्याला किंवा बायकोला बसवू नका, त्यांना तुमची सगळी माणसं आणि सगळे किस्से माहीत असतात, त्यामुळे गोष्टीत कुठे भोक आहे ते त्यांना दिसत नाही. शेजारचं कॉलेजातलं पोरगं बरं.

रेकॉर्डिंगमधला आपला आवाज परका वाटतो, त्याला घाबरू नका. बोलताना आपण आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. फोन फक्त हवेतून आलेला पकडतो. रेकॉर्डिंगमध्ये शोधायचं ते वेगळंच: 'म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'काय म्हणतात ते'. हे मोजायला सभेत एक माणूस नेमलेला असतोच, पण घरी एकदा स्वतः मोजा. सगळे काढायला जाऊ नका, बोलणं कोरडं होतं. ज्या जागी ते पुन्हा पुन्हा येतात तिथे बहुतेक तुमचा मुद्दाच पक्का नसतो. तो पक्का करा.

शनिवारी करायची कामं किरकोळ आहेत, पण राहिली तर रविवारी नडतात. तुमच्या परिचयाच्या तीन ओळी सूत्रसंचालकांना पाठवा, नावाचा उच्चार आणि भाषणाचं शीर्षक नीट लिहून. तुमचं मूल्यमापन करणाऱ्यांना फोन करून एक गोष्ट सांगा: 'माझ्या हातांकडे बघा' किंवा 'शेवट घाईत होतो का ते बघा.' काहीच सांगितलं नाही तर 'छान झालं, डोळ्यांत बघून बोलत जा' एवढ्यावर काम भागतं. मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा, विशेषतः ऐरोली-कोपरखैरणेहून ट्रान्सहार्बरने येणाऱ्यांनी. घोडबंदरकडून येणाऱ्यांना मी काय सांगणार, त्यांनी फक्त लवकर निघावं. कपडे ठरवताना माईकचा विचार करा. कॉलर माईक लावायचा असेल तर मंगळसूत्र, ओढणी, खिशातलं पेन हे सगळं त्यावर घासून खरखर करतं. तो लावायला पट्टी किंवा कडक काठ लागतो, आणि त्याचा डबा अडकवायला कमरेला काहीतरी. साडी नेसणाऱ्यांनी हे घरीच बघून ठेवावं.

रविवारी अर्धा तास आधी पोहोचा. आपल्यासारखे क्लब शाळेच्या वर्गात नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये भरतात, आणि अशा खोल्यांना आपापले स्वभाव असतात. पंखा पाचवर असेल तर शेवटच्या बाकापर्यंत आवाज जात नाही. रेग्युलेटर कुठे आहे ते बघा आणि कुणाला तरी तीनवर आणायला सांगून ठेवा. पाठीमागे खिडकी येईल अशा जागी उभं राहू नका, उजेडात तुमचा चेहरा काळा दिसतो. शेवटच्या बाकावर एकदा जाऊन बसा. हातातला माईक ओठांपासून चार बोटांवर, हनुवटीकडे जरा खाली धरा. अगदी तोंडासमोर धरलात तर प, फ, भ ही अक्षरं धपधप आदळतात. माईकची जाळी मुठीत झाकू नका आणि स्पीकरच्या पुढ्यात जाऊ नका, दोन्हींनी तो कुईं करतो. चालू आहे का बघायला टिचक्या मारू नका, फुंकर तर मुळीच नाही, नुसतं 'नमस्कार' म्हणा. आणि वीज गेली किंवा सेल उतरला तर माईकविना बोलायची मनाची तयारी ठेवा. तीसेक माणसांच्या खोलीत तो नसला तरी अडत नाही.

नाश्ता हलका करा. मामलेदारची मिसळ भाषणानंतर. तोंड कोरडं पडणं, हाताला घाम येणं, छातीत धडधडणं हे अॅड्रेनलिनचं काम आहे, तयारी कमी पडल्याची खूण नव्हे, आणि वर्षानुवर्षं बोलणाऱ्यांनाही ते होतं. पाण्याचे घोट घ्या. नाव पुकारायच्या आधी श्वास हळूहळू, घेतला त्याहून लांब सोडा. ठोके खरंच उतरतात. मग जागेवर जा, कार्डं ठेवा, एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघा. बोलणं त्यानंतर. चालत चालत सुरू केलेलं पहिलं वाक्य खुर्च्यांच्या आवाजात जातं.

ज्यांचं त्या दिवशी भाषण नाही त्यांनीही मोकळ्या हाताने येऊ नये. उत्स्फूर्त विषयात, म्हणजे आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर बोलायला, नाव कुणाचंही निघतं, बोलायचं असतं एक ते दोन मिनिटं. त्याची तयारी म्हणजे आठवड्यातल्या तीन-चार गोष्टी मनात ताज्या ठेवणं: रिक्षात ऐकलेलं, बाजारात दिसलेलं, घरात झालेला वाद. विषय कोणताही आला तरी त्यातलं काहीतरी जोडता येतं. विषय मिळाल्यावर तो मोठ्याने एकदा परत म्हणा, तेवढे दोन सेकंद डोक्याला मिळतात. एकच बाजू घ्या. दोन्ही बाजू मांडायला दोन मिनिटं पुरत नाहीत, आणि टायमरने कार्ड हातात घेतलेलंच असतं.

मूल्यमापन चालू असताना उत्तर देऊ नका, नुसतं लिहून घ्या. 'अहो, पण मी ते मुद्दाम केलं' असं म्हणावंसं वाटतंच. मुद्दाम केलेलं समोरच्याला चूक वाटलं असेल तर तीही माहितीच. अभिप्रायाच्या चिठ्ठ्या घरी नेऊन दोन दिवसांनी वाचा आणि पुढच्या भाषणासाठी त्यातली फक्त एक सूचना निवडा. हॉल सोडायच्या आधी पुढच्या सभेतलं टायमरचं काम मागून घ्या. कार्डं दाखवणाऱ्याच्या खुर्चीतून सात मिनिटं किती मोठी असतात ते दिसतं, आणि ते काम बहुधा रिकामंच असतं.