नाडी, श्वसन, रक्तदाब : मोजताना या चुका टाळा

वॉर्डातील तक्त्यावर ओळीने प्रत्येक रुग्णाचे श्वसन २० असेच लिहिलेले दिसले, की ते मोजलेले नसून अंदाजाने भरलेले आहे हे ओळखायला वेळ लागत नाही. विद्यार्थ्यांच्या चुकांमध्ये मला हीच सर्वांत गंभीर वाटते, कारण प्रकृती ढासळू लागल्यावर श्वसनाचा वेग अनेकदा रक्तदाबाच्या आधी बदलतो. ऑक्सिजन कमी पडू लागला किंवा रक्तातील आम्ल वाढले, की मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवते. रक्तदाब मात्र हृदयाची गती वाढवून आणि रक्तवाहिन्या आकुंचित करून शरीर बराच वेळ सावरून धरते.

‘आता तुमचा श्वास मोजते’ असे सांगितल्याबरोबर रुग्णाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नये, नजर तेवढी छातीकडे वळवावी आणि पूर्ण ६० सेकंद मोजावे. १५ सेकंद मोजून चाराने गुणले, तर एका श्वासाची चूक चारांची होते. प्रौढांत सामान्य मर्यादाच मिनिटाला १२ ते २० असताना ही चूक लहान नव्हे.

नाडी अंगठ्याने पाहू नये, कारण अंगठ्यातील स्वतःचेच ठोके जाणवू शकतात. ती अनियमित लागली, तर स्टेथोस्कोप छातीवर ठेवून हृदयाचे ठोकेही मिनिटभर मोजावेत. ते मनगटावरील ठोक्यांपेक्षा जास्त भरले, तर काही आकुंचनांचे रक्त मनगटापर्यंत पोहोचतच नाही, असा त्याचा अर्थ होतो. हा फरक लिहून ठेवावा आणि लगेच कळवावा.

रक्तदाबात चूक बहुधा पट्ट्याची असते. दंडाच्या मानाने पट्टा अरुंद असेल, तर आकडा खोटा वाढतो. हात हृदयाच्या पातळीखाली लोंबत असेल, तरीही तेच होते. पाच मिनिटे विश्रांती, पाठीला आणि हाताला आधार, पाय जमिनीवर टेकलेले, एवढी तयारी झाल्यावरच हवा भरावी आणि ती सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने सोडावी.

ऑक्सिमीटरवर ९८ दिसले, तरी आगीच्या धुरात सापडलेल्या रुग्णाबाबत निर्धास्त राहू नये. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन (कार्बोक्सिहिमोग्लोबिन) या यंत्राला ऑक्सिजनयुक्तच भासते. खरी स्थिती प्रयोगशाळेतील रक्तवायू तपासणीतच, तीही कार्बोक्सिहिमोग्लोबिन मोजले गेले तरच, कळते.