फास्टिंग वाढलेली दिसते? डोस वाढवायच्या आधी रात्री तीनला टोचून बघा

रात्री झोपताना शुगर १३०, मधे पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि सकाळी मीटर दाखवतंय २१०. हे झालं की लगेच सल्ले सुरू होतात, रात्री जेवूच नका, इन्सुलिन दोन युनिट वाढवा, टेन्शन घेऊ नका. मी गेली १९ वर्षं इन्सुलिनवर आहे आणि हे सगळे सल्ले स्वतःवर करून झालेत, म्हणून सांगते की नुसत्या सकाळच्या आकड्यावरून रात्रीचा डोस बदलणं ही सगळ्यात मोठी चूक आहे. रात्रभरात शुगर कुठून कुठे गेली ते माहीत नसेल तर तो आकडा काहीच सांगत नाही.

मीटर, पुरेशा स्ट्रिप, वही आणि उशाशी ग्लुकोज हे तुमच्याकडे आहे असं धरते. टोचायच्या आधी हात धुवा, अर्ध्या झोपेतसुद्धा. बोटाला गोडाचा अंश लागलेला असला तरी आकडा खोटा येतो.

पहिलं काम म्हणजे तीन साध्या रात्री निवडणं. साध्या म्हणजे आजारपण नाही, लग्नकार्याचं जेवण नाही, संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त व्यायाम नाही, दारू नाही. जेवण लवकर आणि कमी तेलातुपाचं. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन साधारण चार तास काम करत असतं, त्यामुळे दहाला जेवून अकराला झोपलात तर पुढे जे दिसेल ते जेवणाचं की रात्रीच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या इन्सुलिनचं हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि जड जेवणाची शुगर चार-पाच तासांनीसुद्धा चढते, तेव्हा तुम्ही गाढ झोपेत असता.

दुसरं, त्या तिन्ही रात्री चार वेळा टोचायचं: झोपताना, बाराला, तीनला आणि उठल्या उठल्या काहीही तोंडात घालायच्या आधी. गजर लावा, लिहा, झोपा. तीनच रात्रींचा प्रश्न आहे. मात्र मधे कुठेही ७० च्या खाली दिसली तर टेस्ट तिथेच संपली, आधी शुगर वर आणा.

आता खरी अडचण इथून पुढे आहे, हे चार आकडे वाचायचे कसे. मी स्वतः इथेच दोन वर्षं चुकत होते.

सुरुवातीला मी काय करायचे, फास्टिंग वाढलेली दिसली की रात्रीचा डोस दोन युनिट वर. चार दिवसांनी परत वाढलेली, परत दोन युनिट. एका रात्री तीनच्या सुमाराला घामाने भिजून जाग आली, हात थरथरतायत, मीटर वाचायला सुद्धा दोन मिनिटं लागली, शुगर ४६. घाबरून हाताला लागेल ते खात सुटले आणि सकाळी २६०. मग कोणीतरी सांगितलं की हा सोमोजी इफेक्ट, रात्री लो होते म्हणून शरीर उलट उसळी मारतं, डोस कमी करा. मी कमी केला, तर आता रात्रभर दोनशेच्या वर. म्हणजे दोन्ही वेळा मी अंदाजच करत होते, फक्त दिशा बदलली होती.

सोमोजीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण हा शब्द अजूनही सर्रास फेकला जातो. मायकल सोमोजी या शास्त्रज्ञाने १९३८ मधे ही कल्पना मांडली, तेव्हा घरी मीटरसुद्धा नव्हतं. पुढे कातडीवर लावून सतत शुगर मोजणारे सेन्सर आले, रात्रभराचे ग्राफ दिसायला लागले आणि असं दिसलं की ज्या रात्री शुगर लो होते त्याची सकाळ बहुतेक वेळा कमीच असते, वाढलेली नाही. माझे २६० सुद्धा उसळीपेक्षा भरमसाट खाल्ल्यामुळेच जास्त होते. त्यामुळे तीनचा आकडा न बघता कोणी सोमोजी म्हणत असेल तर ऐकू नका.

तर आकडे असे वाचायचे. झोपताना १३०, तीनला १२५ आणि सकाळी २००, म्हणजे तीनपर्यंत सगळं सपाट आणि नंतर चढ, तर हा डॉन फेनॉमेनन. पहाटे शरीर उठायची तयारी करतं, कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. ज्याला डायबिटीस नाही त्याचं पॅन्क्रियाज तेवढं इन्सुलिन लगेच सोडतं, आपलं सोडत नाही. यात तुमच्या जेवणाची चूक नाही आणि उपाशी झोपून हे थांबतही नाही. इथे सरळ रात्रीचा डोस वाढवला तर पहाटेचा चढ कमी व्हायच्या आधी तीनची शुगर खाली जाते, मला ४६ वर नेणारा रस्ता हाच. डॉक्टरांशी बोलायचं ते वेळेबद्दल आणि इन्सुलिनच्या प्रकाराबद्दल. एनपीएच, म्हणजे मध्यम काळ चालणारं इन्सुलिन, घेत असाल तर त्याचा जोर घेतल्यानंतर साधारण चार ते दहा तासांत असतो, जेवणाबरोबर घेतलं की तो जोर नेमका मध्यरात्री येतो, झोपताना घेतलं की पहाटेकडे सरकतो. इन्सुलिन पंप असेल तर फक्त पहाटेचा बेसल, म्हणजे सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, वाढवता येतो.

झोपताना १३०, बाराला १६०, तीनला १९०, सकाळी २२०, असं पायरी पायरीने चढत असेल तर रात्रीचं इन्सुलिन खरंच कमी पडतंय. पण बारापर्यंतच २०० झाली आणि नंतर तिथेच बसली असेल तर दोष जेवणाचा किंवा जेवणाच्या डोसचा, रात्रीच्या डोसला हात लावू नका.

आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे झोपताना १५०, तीनला ६२, सकाळी ८८. सकाळचा आकडा बघून सगळे शाबासकी देतात, डॉक्टरांकडे फक्त फास्टिंग दाखवलं तर तेही खूश होतात, आणि तुम्ही रोज रात्री लो होताय. सकाळी डोकं जड, उशी ओली, विचित्र स्वप्नं, झोप होऊनही थकवा, यातलं काही वारंवार होत असेल तर आजच गजर लावा. वारंवार लो होत राहिली की शरीर इशारे द्यायचंच कमी करतं, घाम नाही, थरथर नाही, थेट शुद्ध जाते. बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा, बीटा ब्लॉकर म्हणतात त्यांनी, धडधड जाणवत नाही. याची मला खरंच भीती वाटते आणि तुम्हालाही वाटायला हवी.

झोपताना ते सकाळ यात तीसच्या आत फरक असेल तर मी काहीही बदलत नाही, मीटरमधेही तेवढा फरक असू शकतो. आणि तिन्ही रात्री तीन तऱ्हा दिसल्या तर आधी पोट आणि मांडी दाबून बघा. रोज त्याच जागी सुई टोचली की कातडीखाली गाठी होतात, तिथलं इन्सुलिन कधी कमी तर कधी एकदम शोषलं जातं. मला तिथे दुखत नाही म्हणून मी वर्षभर एकाच जागी घेत होते, जागा बदलली आणि अर्धा गोंधळ संपला. मात्र गाठीवरून चांगल्या जागी जाताना शुगर अचानक खाली येऊ शकते, तेव्हा डोसबद्दल आधी विचारून घ्या.

सेन्सर लावत असाल तर गजराची गरज नाही, पण तो रक्तातली नाही तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, काही मिनिटं मागे असतो. त्या हातावर झोपलात तर दाबामुळे खोटी लो दाखवतो. अलार्म वाजला, तुम्हाला काही होत नाहीये, तर कूस बदला आणि बोट टोचून बघा. टोचता येत नसेल किंवा शंका असेल तर लो समजूनच वागा.

झोपताना शुगर २५० दिसली तर? दोन तासांपूर्वीच जेवणाचं इन्सुलिन घेतलंय तर त्याच्यावर अजून एक डोस चढवू नका. पहिलं अजून अंगात आहे, दोन्ही मिळून रात्री दोनला तुम्हाला पाडतील. सुधारणेचा, म्हणजे वाढलेली शुगर उतरवायचा जादा डोस झोपताना किती आणि कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, रात्री अकराला चिडून ठरवायची ही गोष्ट नाही.

संध्याकाळी भरपूर व्यायाम झाला तर स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात, त्या रात्री तीनला बघाच. दारूचं तर मी सरळ सांगते, लिव्हर तिच्यात गुंतलं की साखर बनवायचं काम मागे पडतं, आणि त्याचा धोका दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो.

रात्री ७० च्या खाली सापडली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, गोळ्या किंवा पाण्यात विरघळवलेली साखर, चॉकलेट नको कारण त्यातल्या फॅटमुळे उशीर होतो. १५ मिनिटं थांबा, परत टोचा, वाढली नसेल तर परत १५ ग्रॅम. ही १५ मिनिटं सगळ्यात कठीण असतात, शरीर ओरडत असतं की अजून खा, म्हणून मी उशाशी मोजून तेवढंच ठेवते आणि दुसरा हप्ता वेगळ्या पुडीत. ५४ च्या खाली असेल तर घरातल्या कोणाला तरी उठवा, एकटं बसू नका. आणि घरच्यांना आजच सांगून ठेवा की शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉन, म्हणजे शुगर वर आणणारं औषध, घरात असेल तर द्यायचं आणि अँब्युलन्स बोलवायची.

फक्त गोळ्यांवर असणाऱ्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांनी रात्री शुगर लो होते, वयस्कर माणसांत आणि किडनी कमजोर असेल तर जास्तच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असाल तर लोची भीती फार कमी, पण पहाटेचा चढ तुमच्यातही दिसेल.

डॉक्टरांकडे जाताना तीन रात्रींचे बारा आकडे, जेवणाची वेळ आणि डोसची वेळ एका पानावर लिहून न्या आणि ते पान त्यांच्यासमोर ठेवा. एका वेळी एकच बदल करा. काही लांब चालणारी इन्सुलिनं, उदाहरणार्थ डेगलुडेक, नव्या डोसवर बसायला तीन-चार दिवस घेतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी निकाल लावू नका. मधल्या रात्रीही तीनला एकदा बघत रहा, आणि ते दिवस गेले की परत तीन रात्री गजर लावून तेच चार आकडे लिहा.