तळघरातले पाणी, बंद पडलेली मोटर आणि घराचा विमा

ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आमच्या इमारतीत पाणी शिरण्याआधी वीज गेली, आणि तळघरातले पाणी उपसणारी मोटर नेमकी हवी होती तेव्हाच बंद राहिली. पुढे विम्याचा दावा करताना आमच्यापैकी कित्येकांनी अर्जात ‘मोटर बंद पडल्यामुळे नुकसान’ असे लिहिले आणि घोटाळा तिथेच झाला. पॉलिसीत मोटर बंद पडणे ही विमा लागू असलेली घटना नसते; पूर आणि पाणी साचणे ही असते. घरात पाणी कुठून आले, यावर दाव्याचे सगळे भवितव्य अवलंबून असते.

1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तीत पूर, वादळ, पाणी साचणे यांच्याबरोबरच पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे आणि ओसंडून वाहणे यांचाही समावेश आहे. त्यामुळे पावसाचे पाणी रस्त्यावरून उतारावाटे तळघरात आले, किंवा जमिनीखालची टाकी फुटून सामान भिजले, तर दाव्याला आधार मिळतो. याउलट भिंतीतून वर्षानुवर्षे झिरपणारी ओल ही झीज समजली जाते आणि तिचे पैसे मिळत नाहीत. खरी अडचण या दोन टोकांच्या मधली आहे. पाऊस नसताना भूजल वाढून तळघरातला, मोटर बसवलेला खड्डा भरला, किंवा गटार तुंबून पाणी उलटे आले, तर कंपनी त्याला काय म्हणेल हे पॉलिसी घेण्यापूर्वीच ईमेलवर विचारून लेखी उत्तर जपून ठेवावे. एजंटाच्या तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ या आश्वासनाला दाव्याच्या वेळी काहीही किंमत नसते.

मोटरचे स्वतःचे नुकसान हा आणखी वेगळा विषय आहे. शॉर्ट सर्किटने किंवा जास्त वेळ चालून जे विद्युत उपकरण जळते, त्या उपकरणापुरती भरपाई पॉलिसीत वगळलेली असते. ती हवी असल्यास यंत्रबिघाडाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. मोटर सोसायटीची असेल, तर हा विमाही सोसायटीनेच घ्यायचा असतो. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी तिथल्या पॉलिसीवरून इथला अंदाज बांधू नये. तिथे मोटरच्या खड्ड्यातून ओसंडलेल्या पाण्यासाठी सहसा जादा हप्ता भरून वेगळे कलम जोडावे लागते आणि पुराचा विमा तर स्वतंत्रच असतो.

विमा रक्कम बाजारभावाने नव्हे, तर बांधकामाच्या खर्चाने ठरते, म्हणून अर्जात तळघराचे क्षेत्रफळ स्पष्ट लिहावे. घराचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, पण कमाल 10 लाख रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. म्हणजे 30 लाखांवर 6 लाख. त्याहून अधिक सामान असेल तर यादी द्यावी. तळघरात उभी असलेली गाडी यात येत नाही, तिला मोटार विमाच लागतो. पाण्यात बुडालेल्या गाडीला किल्ली लावून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून बिघडलेल्या इंजिनाचे पैसे इंजिन संरक्षणाचे जादा कलम नसल्यास बहुधा नाकारले जातात.

पावसाळ्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून मोटर आपोआप सुरू होते का, ते पाहावे. आमच्याकडे एकदा तरंगत्या स्विचची, म्हणजे पाण्याबरोबर वर जाऊन मोटर सुरू करणाऱ्या स्विचची, वायर सुतळीच्या तुकड्यात अडकून बसली होती. स्विच वर उचलला जात नव्हता आणि मोटर निर्दोष असूनही मुकी होती. इलेक्ट्रिशियनचे तारखेसह बिल ठेवले, तर निष्काळजीपणाच्या आरोपाला उत्तर मिळते.

पाणी शिरल्यावर आधी मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करावी, ओल्या तळघरात उतरू नये आणि त्याच दिवशी कंपनीला कळवावे. पाणी असतानाच फोटो काढावेत. ओसरल्यावर भिंतीवरच्या गाळाच्या रेषेशेजारी पेन्सिलीने तारीख लिहून पुन्हा काढावेत. पाणी उपसून पुढचे नुकसान थांबवणे हे आपले कर्तव्यच आहे, मात्र नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येण्याआधी भिजलेली गादी, कपाट भंगारवाल्याला देऊ नये. अर्जात क्रम असा लिहावा: अतिवृष्टीमुळे पाणी शिरले, वीजपुरवठा बंद असल्याने उपसता आले नाही, सामान भिजले.

दावा नाकारला गेला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवस वाट पाहावी. त्यानंतर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे (गुजरातसाठी अहमदाबादला) 50 लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यासाठी जाता येते. तिथे शुल्कही लागत नाही आणि वकीलही लागत नाही.