शाळेच्या सुट्ट्यांची यादी आणि इतिहासाचं वार्षिक नियोजन : दोन्ही एकाच बैठकीत कसं करावं

जून उजाडला की शाळेत दोन कागद तयार होतात. सुट्ट्यांची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर बनते आणि विषयांचं वार्षिक नियोजन शिक्षकांच्या वहीत. दोन्ही वेगवेगळे बनतात, म्हणून मार्चमध्ये इतिहासाचे तीन-चार पाठ उरतात. गणित किंवा इंग्रजीचा तास रोज असतो, त्यामुळे एखादी सुट्टी त्या विषयांना जाणवत नाही. आठवड्याला जेमतेम दोन-तीन तास मिळणाऱ्या इतिहासाला तीच सुट्टी जड जाते. खालची पद्धत महाराष्ट्रातल्या राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांसाठी आहे. उदाहरणं २०२६-२७ या वर्षाची घेतली आहेत.

आधी कायद्याचे आकडे

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास सांगितले आहेत. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे २२० दिवस आणि १००० तास आहेत. शिक्षकाचा आठवडा तयारीच्या वेळेसह ४५ तासांचा. नववी-दहावी या कायद्यात येत नाहीत. तिथे माध्यमिक शाळा संहिता लागू होते : वर्षभरातल्या सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ पेक्षा जास्त नकोत आणि कामाचे दिवस किमान २३० हवेत. जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळांच्या याद्याही ७६ चाच आकडा धरून बनतात.

या ७६ मध्ये रविवार धरत नाहीत. १५ जून २०२६ ते १४ जून २०२७ या ३६५ दिवसांत ५२ रविवार येतात. ते वजा केले की ३१३ उरतात, त्यातून ७६ गेले की २३७. म्हणजे यादी काठोकाठ भरली तर २३० च्या वर फक्त ७ दिवस हाताशी राहतात. पावसाची सुट्टी, मतदान केंद्रासाठी शाळा देणं, अचानक जाहीर होणारी सुट्टी, हे सगळं या सातातच बसवायचं असतं. म्हणून जून महिन्यातच ७६ पैकी शेवटची सुट्टी वाटून टाकू नका.

यादी भरण्याचा क्रम

सामान्य प्रशासन विभाग परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ खाली सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करतो. तो कागद शाळेची यादी म्हणून भिंतीवर चिकटवण्याची चूक बऱ्याच ठिकाणी होते. ती यादी जानेवारी ते डिसेंबरची असते आणि शाळेचं वर्ष जून ते मे चालतं. म्हणजे दोन कॅलेंडर वर्षांच्या दोन याद्या लागतात, आणि दुसरी यादी जूनमध्ये आलेलीच नसते. जानेवारीनंतरचे सण तोवर पंचांगावरून पेन्सिलीने लिहा. सरकारी कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडाही शाळांना लागू नाही, त्यामुळे शनिवार हा कामाचाच दिवस धरायचा.

सर्वांत आधी उन्हाळी सुट्टी मांडा. २ मे ते १४ जून हे ४४ दिवस होतात. २०२७ मध्ये त्यात ७ रविवार आहेत, म्हणजे ७६ मधून ३७ खर्ची पडले आणि ३९ उरले. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, तिथे हा हिशेब जिल्ह्याच्या परिपत्रकातल्या तारखांवर करावा.

मग दिवाळी. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. सुट्टीचे दिवस मोजताना रविवार दोनदा धरला जाणार नाही याकडे लक्ष द्या. केंद्रप्रमुख (परिसरातल्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) यादी तपासतात तेव्हा सर्वाधिक खाडाखोड इथेच होते.

कोकणात प्रश्न गणपतीचा असतो. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला, सोमवारी आहे. त्या आठवड्यात पटावर चाळीस मुलं असली तरी वर्गात सहा बसतात. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी कमी करून ती गणेशोत्सवात किंवा नाताळात घेता येते, पण शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि एकूण ७६ चा आकडा ओलांडता कामा नये. प्रस्ताव जूनमध्येच पाठवा. ऑगस्टच्या अखेरीस पाठवलेल्या प्रस्तावाचं उत्तर बहुधा गणपती विसर्जनानंतर येतं.

त्यानंतर उरलेले सण, जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्या आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या. या शेवटच्या सुट्ट्यांची संख्या जिल्ह्याच्या यादीत दिलेली असते. त्या गावच्या जत्रेसाठी किंवा उरुसासाठी ठेवा, कारण त्या दिवशी शाळा भरवली तरी मुलं येणार नाहीत. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे हे दिवस यादीत कसे दाखवायचे ते जिल्ह्याच्या नमुन्यानुसार ठरवा. अध्यापनाच्या तासांत मात्र ते धरू नका, कारण ध्वजवंदन आणि कवायतीनंतर पाठ होत नाही.

यादी शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवा, ठराव लिहा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पेरणी, ऊसतोड, बाजाराचा दिवस यांची खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळते.

दिवस पुरतात, तास पुरत नाहीत

यादी मंजूर झाली की बहुतेक जण वही मिटतात. खरी अडचण इथून पुढे आहे.

समजा तुमच्या सहावी-सातवीला सोमवार ते शुक्रवार ३५ मिनिटांच्या ८ तासिका आहेत आणि शनिवारी ५. म्हणजे रोज २८० मिनिटं आणि शनिवारी १७५. वर्षात २३० दिवस शाळा भरली आणि त्यात ३८ शनिवार असले, तर १९२ × २८० आणि ३८ × १७५ मिळून ६०,४१० मिनिटं होतात. म्हणजे १००६ तास ५० मिनिटं. १००० ची अट जेमतेम सात तासांनी पार पडली.

हीच शाळा २२० दिवस भरली, त्यात ३६ शनिवार धरले, तर ५७,८२० मिनिटं होतात, म्हणजे ९६३ तास ४० मिनिटं. दिवसांची अट पूर्ण, तासांची अपुरी. मधली सुट्टी आणि परिपाठ यात धरलेले नाहीत आणि धरूही नयेत. तपासणीत दिवस विचारतात, म्हणून शाळा दिवसच मोजत बसते. तुमच्या तासिकांचे आकडे घालून हा हिशेब एकदा करा आणि सुट्ट्यांच्या यादीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

इतिहासाची तासिका कोणत्या वारी ठेवावी

वेळापत्रक करताना वार्षिक सुट्ट्या वारानुसार मोजा. काम पंधरा मिनिटांचं आहे. कागदावर सोमवार ते शनिवार असे सहा स्तंभ करा आणि यादीतली प्रत्येक सुट्टी आपापल्या स्तंभात टाका.

२०२६-२७ मध्ये शुक्रवारचा स्तंभ भरभर भरतो. मोहरम २६ जून (चंद्रदर्शनाप्रमाणे), गांधी जयंती २ ऑक्टोबर, नाताळ २५ डिसेंबर, शिवजयंती १९ फेब्रुवारी आणि गुड फ्रायडे २६ मार्च : पाचही शुक्रवारी. अनंत चतुर्दशीही २५ सप्टेंबरला शुक्रवारीच आहे, तुमच्या जिल्ह्यात त्या दिवशी सुट्टी असेल तर सहा झाले. दिवाळीच्या सुट्टीतले शुक्रवार वेगळेच. ज्या तुकडीचा इतिहास सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी आहे, तिचे पाच-सहा तास नुसते वाराच्या निवडीमुळे गेले. एक मोठा पाठ शिकवायला साधारण तेवढेच तास लागतात.

गुरुवार त्या मानाने मोकळा आहे. इतिहासाची किमान एक तासिका तिथे ठेवा. शनिवार टाळा : अर्धा दिवस, कवायत, स्वच्छता आणि केंद्राच्या शिक्षण परिषदा हे सारं शनिवारच्या तासिका खातं. शुक्रवारी रोजचे विषय ठेवले तर त्यांचं फारसं बिघडत नाही.

पाठांची विभागणी

अभ्यासक्रम ठरवणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार शैक्षणिक प्राधिकरणाचं काम आहे, आणि ठरलेल्या मुदतीत तो पूर्ण शिकवणं हे कलम २४ नुसार शिक्षकाचं कर्तव्य. म्हणजे 'इतिहास मुलं वाचून करतील' याला कायद्यात जागा नाही. राज्यात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत आहे, त्यामुळे गेल्या वर्षीचं टाचण (पाठाच्या तयारीची वही) तारखा बदलून वापरण्याआधी यंदाच्या बालभारतीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवा.

समजा आठवड्याला ३ तासिका आहेत. सुट्ट्या, परीक्षांचे दिवस, स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा वजा करून हाती ९५ तासिका उरल्या. नियोजन ८५ चंच करा. राहिलेल्या दहांपैकी निम्म्या पहिल्या सत्रात आणि निम्म्या दुसऱ्या सत्रात मोकळ्या ठेवा. सगळी मोकळीक मार्चमध्ये ठेवली तर ती दुसऱ्याच विषयाच्या उजळणीला जाते. पहिल्या सत्रात निम्म्याहून जास्त, साधारण ५५ टक्के पाठ संपवावेत. दुसरं सत्र कागदावर लांब दिसतं, पण डिसेंबर-जानेवारीत सहली, स्पर्धा आणि संमेलनं ओळीने येतात. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, त्यामुळे त्या वर्गांत शेवटचा पाठ रेटून चालत नाही. नागरिकशास्त्र शेवटी एकत्र ढकलू नका, इतिहासाच्या दोन पाठांमागे त्याचा एक पाठ घ्या.

यंदा आणखी एक गोष्ट आहे. जनगणनेची लोकसंख्या नोंदणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. दशवार्षिक जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामं याच कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना लावता येतात, त्यामुळे नकार देता येणार नाही. दोन शिक्षकी शाळेत एक जण महिनाभर अर्धाअधिक वेळ बाहेर असेल असं धरून फेब्रुवारीत नवा मोठा पाठ सुरू करू नका. नकाशाकाम, कालरेषा आणि प्रकल्प त्या महिन्यात टाका, ते दुसरा शिक्षकही घेऊ शकतो.

जयंत्यांचा उपयोग

शासन थोर व्यक्तींच्या जयंत्यांची आणि राष्ट्रीय दिनांची यादी दरवर्षी काढतं. परिपाठातलं प्रतिमापूजन आणि दोन भाषणं म्हणजे इतिहासाचा तास झाला, असं टाचणात लिहू नका. जयंती आणि पाठ यांची सांगड घालता येते, फक्त वार आधी पाहून ठेवावा लागतो.

राजर्षी शाहू जयंती २६ जूनला असते आणि यंदा ती मोहरमच्या सुट्टीवर पडते, तेव्हा कार्यक्रम २५ ला, गुरुवारी घ्या. क्रांतिदिन ९ ऑगस्ट रविवारी आहे. आठवीत स्वातंत्र्यलढा शिकवत असाल, तर १९४२ चा भाग सोमवारी १० तारखेला सुरू करता येईल. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबर ऐन गणपतीत येतो, मराठवाड्यातल्या शाळांनी त्याची तयारी महिनाभर आधीच संपवावी. २६ नोव्हेंबर, संविधान दिन, गुरुवारी आहे आणि तो दिवाळीच्या सुट्टीनंतरचा चांगला मोकळा दिवस आहे. उद्देशिकेचं सामूहिक वाचन झालं की त्याच दिवशी नागरिकशास्त्राचा पाठ लावा. सावित्रीबाई फुले जयंती ३ जानेवारीला रविवारी, म्हणून २ किंवा ४ तारखेला. जिजाऊ जयंती १२ जानेवारी मंगळवारी आहे. शिवजयंतीपर्यंत स्वराज्याचे पाठ राखून ठेवण्याची पद्धत काही शाळांत आहे, ती सोडावी. पाठ पहिल्या सत्रात शिकवून १९ फेब्रुवारीच्या आधीचा आठवडा उजळणीला वापरणं बरं.

क्षेत्रभेटीचा दिवस कामाचा दिवस आहे, पण तो अंगावर घ्यायचा तर तारीख नीट निवडा. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. ऐनवेळी बंद फाटकासमोर एसटी उभी राहिल्याचे प्रसंग दरवर्षी घडतात. गडावर जून ते सप्टेंबर मुलांना नेऊ नये. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. पालकांची लेखी संमती आणि वरिष्ठांची परवानगी दोन्ही दप्तरी हवीत.

बुडालेला दिवस भरून काढताना

जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. भरपाई शनिवारी दुपारी किंवा रविवारी शाळा भरवून केली जाते, आणि त्या वेळी बहुधा गणित-इंग्रजीच शिकवलं जातं. त्यावर सोपा नियम आहे : गुरुवार बुडाला असेल तर भरपाईच्या दिवशी गुरुवारचंच वेळापत्रक चालवा. शनिवारच्या दोन दुपारी मिळून एक दिवस भरून काढणार असाल, तर पहिल्या शनिवारी पहिल्या चार तासिका आणि पुढच्या शनिवारी उरलेल्या चार. भरपाईची तारीख, कोणत्या दिवसाबद्दल, हजर मुलांची संख्या आणि झालेल्या तासिका, एवढं सूचना वहीत लिहून समितीच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. पोषण आहाराची नोंदही त्या दिवशीची हवी, नाहीतर दोन नोंदवह्यांतले कामाचे दिवस जुळत नाहीत.

दहावी

दहावीत इतिहास व राज्यशास्त्र ४० गुण, भूगोल ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २०, असे सामाजिक शास्त्रांचे १०० गुण असतात. मंडळाची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते, म्हणून २३० दिवसांचा हिशेब इथे कामाचा नाही. १५ जूनपासून मोजत या. दिवाळीची सुट्टी, सहामाही आणि सराव परीक्षा काढल्या की शिकवायला डिसेंबरअखेरपर्यंतचाच काळ उरतो. दहावीचा इतिहास मागच्या इयत्तांसारखा घटनाक्रमाचा नसून इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहासाचा आहे. सुरुवातीचे पाठ मुलांना अपरिचित वाटतात आणि जास्त वेळ घेतात. त्यांना जून-जुलैत ठरवल्यापेक्षा दोन-दोन तासिका वाढवून द्या आणि त्या पुढच्या पाठांतून कमी करा. प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन हे विषय मुलांच्या ओळखीचे असल्याने भराभर होतात. अंतर्गत मूल्यमापनाचं काम दिवाळीच्या सुट्टीत द्या आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वह्या गोळा करा.